‘सर, खेळ चालतो का?’

आमच्या वार्षिक अंकाच्या मराठी विभागांत वाचनाचे फायदे, वेळेचा सदुपयोग, सहलीचें वर्णन असे विषय दरसाल येतात, व ते यावेतही. यंदा मीं जो विषय लिहावयास घेतला आहे तो ऐकून शिक्षकांच्या खोलींत दोघां सहकाऱ्यांनीं माझ्याकडे किंचित् कीव येऊन पाहिलें. विषय आहे संगणकावरील खेळ; आणि तेही लिनक्सवर चालणारे, किंवा खरें सांगावयाचें तर पुष्कळदां न चालणारे.

परंतु भोकरच्या आमच्या शाळेंत संगणकाची खोली ज्याच्या गळ्यांत पडली आहे, त्या इतिहास-इंग्रजीच्या शिक्षकानें दुसरें काय लिहावें? वर्षभरांत ह्या खोलींत जो प्रश्न मला सर्वांत अधिक वेळां विचारला गेला तो कोणत्याही क्रमिक पुस्तकांत नाहीं. दारांत चपला काढतां काढतांच मुलें विचारतात, ‘सर, खेळ चालतो का?’ माझें म्हणणें असें कीं, हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं, आणि तो विचारणाऱ्या मुलांस खोलीबाहेर ठेवण्याचा जो विचार सध्यां आमच्या शाळेंत चालू आहे तो चुकीचा आहे.

हकीकत अशी. आमच्या खोलींत अकरा संगणक आहेत. सारे देणगीदाखल मिळालेले, एका कचेरींतून निवृत्त झालेले, इंटेलच्या चौथ्या पिढीचे. त्यांवर विंडोज १० होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्या प्रणालीची नेहमींची देखभाल तिच्या कंपनीनें थांबविली. पुढची विंडोज ११ ही इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचीं यंत्रें मागते, व यंत्रांत टी.पी.एम. २.० नांवाची सुरक्षिततेची सोयही असावी म्हणते. म्हणजे आमचे अकराही संगणक एका दिवसांत म्हातारे ठरले. त्यांतच आणखी एक गोष्ट उघडकीस आली. जुन्या विंडोजची पावती शोधावयास गेलों, तों पावतीच नव्हती. कोणा दुकानदारानें यंत्रामागें दोनशें रुपये घेऊन ती ‘टाकून दिली’ होती. ज्या शाळेंत आठवी आज्ञा तोंडपाठ असते, त्या शाळेचीं यंत्रें चोरीच्या मालावर चाललीं होतीं! दोष दुकानदाराचा, तसाच न विचारणाऱ्या आमचाही.

तेव्हां आम्हीं लिनक्स बसविलें. १९९१ सालीं हेलसिंकीच्या विद्यापीठांतील लिनस तोरवाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें जें काम आरंभिलें, त्यावर २०१७ पासून जगांतील पहिले पांचशें अतिवेगवान् संगणक सर्वच्या सर्व चालूं लागले, आणि मुलांच्या घरच्या अँड्रॉइड फोनाच्या पोटांतही त्याचाच गाभा आहे. तें फुकट मिळतें, दुसऱ्यास देतां येतें, उघडून पाहतां येतें. मी तें शिकलों तें मुंबईच्या आय.आय.टी.नें काढलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ ह्या पाठांवरून. ते मराठींतही आहेत, आणि माझ्यासारख्या इतिहासाच्या माणसालाही समजतात. व्यवस्थापकांस खर्च वांचल्याचा आनंद झाला, मला ओझें उतरल्याचा. मुलांस मात्र कसलाच आनंद झाला नाहीं. पहिल्याच शनिवारीं पोरांनीं पेनड्राइव्ह लावला, खेळाच्या चिन्हावर दोनदां टिचकी मारली, आणि कांहींच घडलें नाहीं. संगणक-मंडळांत सव्वीस मुलें होतीं. नाताळच्या सुटीनंतर सात उरलीं.

खेळ कां चालत नाहीं, हें त्या सातांस सांगतांना मला मनमाड आठवलें. माझ्या लहानपणीं वडिलांबरोबर मुंबईस जावयाचें म्हणजे नांदेडाहून लहान गाडींत बसून मनमाडास उतरावें लागे. निजामाच्या राज्यांतून येणाऱ्या रुळांची रुंदी एक मीटर. मुंबईकडच्या रुळांची १६७६ मिलिमीटर. आमच्या भोकरावरून जाणारी मुदखेड–आदिलाबाद वाटही तेव्हां लहान मापाचीच होती. गाडींत दोष नव्हता, रुळांतही नव्हता. पण एकीचीं चाकें दुसऱ्यावर बसत नसत, एवढेंच. म्हणून मनमाडास हमाल असत. ट्रंका, वळकट्या, पोतीं, सर्व ह्या गाडींतून त्या गाडींत जाई, आणि डोक्यावर ट्रंक घेतलेला लाल डगलेवाला माझ्या वडिलांच्या पुढें पळत असे. विंडोजसाठीं बांधलेला खेळ हा दुसऱ्या मापाचा डबा होय. ‘मला खिडकी उघडून द्या’, ‘एवढी जागा द्या’, ‘हें चित्र काढा’, अशा मागण्या तो क्षणोक्षणीं विंडोजच्या रीतीनें करीत असतो. लिनक्सला त्या मागण्या पुरवितां येतात. पण त्या ज्या रीतीनें केल्या जातात ती रीत त्यास ठाऊक नाहीं. मध्यें कोणी हमाल पाहिजे.

तो हमाल १९९३ पासून घडत आला आहे. त्याचें नांव वाइन. ‘हें दुसऱ्या यंत्राचें सोंग नव्हे’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जुळवून तें नांव केलें आहे, आणि तें यथार्थही आहे. कारण वाइन विंडोजचें सोंग घेत नाहीं, तर खेळाची प्रत्येक मागणी उचलून लिनक्सच्या हातीं देतें. (मद्यपाननिषेधाचे पाठ देणाऱ्या ह्या शाळेंत ‘आधीं सर्वांनीं वाइन घ्या’ असें मीं मोठ्यानें सांगितलें, तेव्हां मुख्याध्यापक नेमके दारावरून जात होते. खुलासा करावयास अर्धा तास लागला.) हें काम आरंभून त्याची १.० ही आवृत्ति बाहेर पडावयास २००८ चा जून उजाडावा लागला. म्हणजे पंधरा वर्षें! आमच्या मुलांस पंधरा मिनिटें वाट पाहवत नाहीं, म्हणून हा आंकडा मीं फळ्यावर लिहून ठेविला.

पुढची गोष्ट तर मुलांस फारच आवडली. फिलिप रेबोले नांवाच्या एका जर्मन तरुणास ‘नीअर : ऑटोमाटा’ हा २०१७ सालीं निघालेला जपानी खेळ लिनक्सवर खेळावयाचा होता, आणि तो नीट चालेना. विंडोजवरील खेळ चित्रें काढण्यासाठीं जी भाषा वापरतात ती एक, आणि लिनक्सवर उपलब्ध असलेली व्हल्कन नांवाची भाषा दुसरी. ह्या गृहस्थानें एकीचें दुसरींत रूपांतर करणारें साधन स्वतः लिहिलें, त्यास डी.एक्स.व्ही.के. म्हणतात. खेळांच्या व्यापारांत असलेल्या व्हॉल्व्ह ह्या अमेरिकन कंपनीनें त्याला ह्या कामासाठीं वेतन देऊं केलें, आणि २०१८ च्या ऑगस्टांत वाइन व हें साधन एकत्र करून ‘प्रोटॉन’ नांवाची जोडणी प्रसिद्ध केली. २०२२ पासून विकला जाणारा त्या कंपनीचा ‘स्टीम डेक’ हा हातांत धरण्याचा संगणक लिनक्सवर चालतो, व हजारों विंडोज-खेळ त्यावर ह्याच जोडणीच्या जोरावर खेळले जातात. खेळावयाचें म्हणून बसलेल्या एका मुलाच्या हट्टांतून केवढें काम उभें राहिलें! खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय असें ज्यांचें ठाम मत आहे त्यांनीं ह्या उदाहरणाचें काय करावयाचें तें ठरवावें.

आतां आमच्या खोलींत काय झालें तें सांगतों. मुलांनीं हट्ट धरला तो ‘क्रिकेट ०७’ ह्या खेळाचा. तो २००६ सालचा, ह्या मुलांहून वयानें मोठा. पण आमच्याकडे अजून त्याचें वेड आहे. वाइन बसविलें, टिचकी मारली, तरी खेळ उघडेना. तेव्हां मीं त्यांस काळ्या खिडकींतून, म्हणजे टर्मिनलमधून, खेळ सुरू करावयास शिकविलें. कारण तेथें यंत्र आपली तक्रार शब्दांनीं सांगतें. तक्रार अर्थात् इंग्रजींत. ती वाचावयास पुढें बसला तो इयत्ता नववींतील एक मुलगा, ज्याला माझ्याच इंग्रजीच्या सहामाही परीक्षेंत शंभरांपैकीं एकोणीस गुण होते. एक ओळ वाचून तो थबकला आणि म्हणाला, ‘सर, लायब्ररी म्हणजे ग्रंथालय ना? मग तें हरवलें कसें?’ वर्ग हंसला. मीं मात्र हंसलों नाहीं. कारण वर्षभरांत ह्या मुलानें इंग्रजी वाक्याचा अर्थ आपण होऊन विचारल्याचा तो पहिला प्रसंग होता.

हरवलेलें ग्रंथालय म्हणजे बत्तीस-बिट खेळास लागणारे बत्तीस-बिट भाग. आम्हीं केवळ चौसष्ट-बिट भाग बसविले होते. ते आणले. पुढच्या शनिवारीं खेळ उघडला, पण चित्रें अडखळत येऊं लागलीं. एकानें कोठेंसें वाचलें कीं, डी.एक्स.व्ही.के. घातल्यास वेग वाढतो. घातलें, तों पडदा काळाठिक्कर! येथें दोन दिवस गेले. कारण शोधतां शोधतां कळलें कीं, त्या साधनाच्या २०२२ च्या अखेरीपासूनच्या आवृत्त्यांस व्हल्कन १.३ लागतें, आणि आमच्या चौथ्या पिढीच्या यंत्रांच्या चित्रविभागास तितकें पुरें येत नाहीं. म्हणजे जें नव्या यंत्रास औषध तें आमच्या यंत्रास अपाय. तें काढलें, वाइनची जुनी वाट पुन्हां धरली, चित्राचा आकार लहान केला, आणि तिसऱ्या शनिवारीं नाणेफेक झाली. त्या दिवशीं सात मुलांनीं केलेला आरडाओरडा ऐकून शेजारच्या प्रयोगशाळेंतले शिक्षक धांवत आले होते.

आणि त्याच गलबल्यांत आठवींतील एका मुलीनें मला विचारलें, ‘सर, चोरीची म्हणून आपण विंडोज काढली ना? मग हा खेळ कोणाचा?’

खेळ त्या नववींतल्या मुलाच्या पेनड्राइव्हमधून आला होता. त्यांत तो त्याच्या मोठ्या भावाच्या मित्राकडून आला होता. त्यापलीकडे माग नव्हता. कोणी म्हणेल, एवढा जुना खेळ, कंपनी आज तो विकतही नाहीं, कोणाचें काय बिघडलें? हा युक्तिवाद माझ्याही मनांत आला, आणि तो अगदींच पोकळ आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु ज्या कारणास्तव विंडोज काढली तें कारण येथें कां लागू नाहीं, ह्याचें उत्तर त्या मुलीस देण्यासारखें माझ्यापाशीं नव्हतें. मीं खेळ पुसावयास सांगितला. त्या मुलानें स्वतःच्या हातानें पुसला, पेनड्राइव्ह खिशांत टाकला आणि तो निघून गेला. नंतरचे दोन शनिवार तो आला नाहीं. मीं योग्य केलें असें मला वाटतें. पण मुलें तीन आठवडे राबलीं त्याच्या आधीं, पहिल्याच दिवशीं, हा प्रश्न मीं स्वतः विचारावयास हवा होता, हेंही तितकेंच खरें.

मग आम्हीं जे खेळ मुळांतच लिनक्सचे आहेत ते शोधले. हे पुष्कळ आहेत, हें मलाही ठाऊक नव्हतें. लहान वर्गांसाठीं ‘जीकॉम्प्री’ आहे. त्यांत अक्षरें, अंक, माउस धरण्याचा सराव असें सारें आहे. ‘सुपरटक्सकार्ट’ नांवाची गाड्यांची शर्यत आहे. ‘झीरो ए.डी.’ हा प्राचीन साम्राज्यांचा खेळ तर इतिहासाच्या शिक्षकासाठींच केला असावा. त्यांत रोम, कार्थेज ह्यांच्या जोडीला आपले मौर्यही आहेत, हत्तींसकट. हे तिन्ही खेळ फुकट, आणि कोणाची परवानगी न विचारतां वांटण्याजोगे. आमच्या यंत्रांवर मौर्यांचें सैन्य फार वाढलें म्हणजे संगणक धापा टाकूं लागतो, एवढेंच न्यून. ह्याशिवाय एक खेळ मीं पदरचे पैसे देऊन विकत घेतला: ‘स्टारड्यू व्हॅली’. एरिक बॅरोन ह्या एकट्या माणसानें तो केला. २०१६ सालीं तो निघाला व त्याच वर्षीं लिनक्ससाठींही मिळूं लागला. त्यांत शेती करावयाची असते. पेरावें, पाणी द्यावें, माल घराजवळच्या पेटींत टाकावा, आणि सकाळीं पैसे जमा. आमचीं मुलें सोयाबीन-कापसाच्या घरचीं. त्यांतला एक जण पहिल्याच दिवशीं म्हणाला, ‘सर, ह्यांत भाव पडतच नाहीं!’ हा खेळ खेळत असतां मुलें घरच्या शेतीविषयीं जितकें बोललीं तितकें निबंधाच्या तासास कधीं बोललीं नव्हतीं. पण तो विषय वेगळा.

आतां ज्या मुद्द्यासाठीं मीं हें सारें लिहिलें तो सांगतों. मुलें ज्या खेळांचीं नांवें नांदेडच्या चुलतभावांकडून ऐकून येतात, ते बहुतेक दूरदूरच्या अनेक जणांनीं एकाच वेळीं खेळावयाचे खेळ असतात. आणि त्यांपैकीं कांहीं लिनक्सवर चालत नाहींत ते हमालाच्या दुबळेपणामुळें नव्हे. २०२० सालीं निघालेला ‘व्हॅलोरंट’ घ्या. खेळांत लबाडी होऊं नये म्हणून त्याबरोबर ‘व्हॅनगार्ड’ नांवाचा एक पहारेकरी येतो व तो विंडोजच्या अगदीं गाभ्यांत जाऊन बसतो. लिनक्सच्या गाभ्यांत तसा पहारेकरी कंपनीनें बसविलेला नाहीं. म्हणून खेळही नाहीं. दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. ‘ईझी अँटी-चीट’ नांवाचा जो पहारेकरी अनेक खेळांत असतो तो २०२१ पासून लिनक्सवर प्रोटॉनबरोबर चालूं शकतो. खेळाच्या मालकानें तेवढी परवानगी द्यावी लागते. हा पहारेकरी एपिक ह्या कंपनीच्या मालकीचा. आणि त्याच एपिकनें आपल्या ‘फोर्टनाइट’ खेळासाठीं ती परवानगी दिली नाहीं. ‘एपेक्स लेजंड्स’ हा खेळ लिनक्सवर चांगला चालत होता. २०२४ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस कंपनीनें तो बंद केला. लिनक्सच्या वाटेनें लबाडी करणारे फार येतात, असें कारण तिनें दिलें. कारण खोटें असेल असें मी म्हणत नाहीं. लबाड खेळाडू हें खरेंच संकट आहे, आणि ज्यानें कधीं गल्लींतलें क्रिकेट खेळलें आहे त्यास तें सांगावयास नको. परंतु प्रामाणिक मुलाला त्यामुळें दाराबाहेर राहावें लागतें हेंही खरें.

हे दोन नकार निराळे आहेत. एक नकार ‘येत नाहीं’ असा असतो. तो श्रमानें जातो. हरवलेलें ग्रंथालय सांपडतें, काळा पडदा उजळतो, पंधरा वर्षांनीं कां होईना पण १.० आवृत्ति निघते. दुसरा नकार ‘येऊं देत नाहींत’ असा असतो. तेथें मुलानें कितीही रात्री जागवल्या तरी व्यर्थ. माझ्या सात मुलांतल्या दोघांनीं व्हॅलोरंटपायीं आठवडा घालविला आणि आपणांसच अक्कल नाहीं असें मानून ते खिन्न झाले. त्यांस कोणीं तरी सांगावयास हवें होतें कीं, बाबांनो, तुमचें चुकलेलें नाहीं. किल्ली दुसऱ्याच्या खिशांत आहे. गांवाकडच्या मुलांस हा भेद लवकर कळावा असें मला फार वाटतें. आपल्याला जमलें नाहीं असें तीं जन्मभर मानीत राहतात अशा कितीक गोष्टी असतात, कीं ज्या त्यांस करूंच दिलेल्या नसतात. हा भेद मीं नागरिकशास्त्राच्या पुस्तकावरून शिकविला असता तर मुलांनीं तो परीक्षेपुरता लिहिला असता. खेळापायीं तो त्यांस लागला.

आमच्या शाळेंत असा प्रस्ताव आहे कीं, संगणकाच्या खोलींत खेळांस पूर्ण बंदी करावी, आणि शक्य झाल्यास पुन्हां विंडोजच आणावी. दुसऱ्या अर्ध्याच्या बाजूनें पालकांचें म्हणणें वजनदार आहे, आणि मी तें टाळूं इच्छीत नाहीं. नोकरीच्या अर्जास एम.एस.-सी.आय.टी. लागते, ती परीक्षा विंडोज व तिच्यावरील ऑफिस ह्यांवर शिकविली जाते, मग मुलांनीं लिनक्स शिकून काय करावें? केरळांतील सरकारी शाळा कित्येक वर्षें लिनक्सवर शिकवीत आहेत, हें उत्तर खरें असलें तरी भोकरच्या पालकाच्या उपयोगाचें नाहीं. त्याच्या मुलास अर्ज महाराष्ट्रांत करावयाचा आहे. म्हणून माझी सूचना अशी कीं, एक नवें यंत्र विंडोजसकट, पावतीसकट, विकत घ्यावें आणि तें दहावींतील मुलांच्या सरावासाठीं राखावें. उरलेले अकरा जसे आहेत तसे राहावेत.

पहिल्या अर्ध्यास मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. मुलें खेळांत वेळ घालवितात, डोळे बिघडवितात, ही तक्रार फोनाच्या बाबतींत खरी आहे. तेथें बोट लावलें कीं खेळ सुरू होतो आणि रात्र संपते. आमच्या खोलींत बोट लावून कांहींच सुरू होत नाहीं, हाच तिचा मोठा गुण. शनिवारचे दोन तास, वीज असली तर. त्यांतला दीड तास खेळ कां चालत नाहीं हें पाहण्यांत जातो. बंदी घातली तर मुलें खेळणें सोडणार नाहींत. तीं खोली सोडतील, जशीं एकोणीस जणांनीं एकदां सोडलीच होती.

तो नववींतला मुलगा तिसऱ्या शनिवारीं परत आला. कां आला, हें मीं विचारलें नाहीं. खोलींत आम्हीं एक दोनशें पानी वही ठेविली आहे. जो खेळ चालविण्याचा प्रयत्न होतो त्याचें नांव, यंत्रानें सांगितलेली तक्रार जशीच्या तशी इंग्रजींत, आणि तिचा मराठींत अर्थ, असें तींत लिहावयाचें. सध्यां ती वही त्याच्याकडे असते. वार्षिक परीक्षेंत त्याला इंग्रजींत अडतीस गुण मिळाले. ते वहीमुळें कीं पेपर सोपा होता म्हणून, हें मी सांगूं शकत नाहीं. पेपर मींच काढला होता.

माजी विद्यार्थ्यांस एक विनंति. अकरा संगणकांपैकीं तिघांना माउस नाहीं, आणि चारांत केवळ चार जी.बी. स्मृति आहे. कोणाच्या घरीं जुन्या संगणकांतील डीडीआर-३ जातीच्या पट्ट्या किंवा चालू स्थितींतील माउस पडून असल्यास शाळेच्या कचेरींत आणून द्यावे, वापरलेले चालतील. विंडोजची सी.डी. मात्र कोणीं आणूं नये.